घरटी दोन हंडे

१९५४ साल, वैशाख शुद्ध पंचमी, दिवे लागायच्या आधीची वेळ. देवळासमोरच्या ओट्यावर गावातल्या सव्वीस घरांतून पंचवीस पुरुष आणि एक बाई हजर होती. बाई हजर होती, कारण तिच्या घरात पुरुष उरला नव्हता. ठरलं ते असं: आमच्या घराने बाकीच्या पंचवीस घरांना घरटी रोज दोन हंडे गोडं पाणी द्यायचं. रोजचे पन्नास हंडे, पाऊस लागेपर्यंत. मी अकरा वर्षांची होते. ओट्याखाली, बायकांच्या घोळक्यात आईशेजारी उभी होते आणि माझा आठ महिन्यांचा भाऊ माझ्या कडेवर होता. आकडे मी घरी जाऊन वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. वही पुढे वाळवीने खाल्ली, पण आकडे मला पाठ आहेत.

हा दंड कशाचा, ते सांगितलं पाहिजे.

आमचं गाव खारेपाटातलं. पालीकडून येणारी नदी आमच्यापर्यंत पोचता पोचता खाडी होते. भरतीला समुद्राचं पाणी वर चढतं, ओहोटीला नदीचं खाली येतं. शेतं या पाण्याच्या पातळीहूनही खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. हा बांध सरकारने घातलेला नव्हता, गावाने घातला होता, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याच्या वाट्याचा बांध, असा हिशेब होता. आमच्या वाट्याला चाळीस हात बांध होता. आपल्या चाळीस हातांवर चिखल घालायचा, गवत राखायचं, आणि मुख्य म्हणजे चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं बुजवायची. बीळ बुजवायची एक रीत आहे. ते शेवटपर्यंत खणायचं, चिंबोरी काढायची आणि तळापासून चिखल ठोकत ठोकत वर यायचं. नुसतं तोंड लिंपलं, तर बांध वरून धड दिसतो आणि आत पोकळ राहतो.

त्या वर्षी बाबा पौषापासून मिठागरावर मजुरीला होते. बांध आईवर होता. चैत्री अमावास्येच्या उधाणाला आमच्या चाळीस हातांतच बांध फुटला. गावाने तीन दिवसांत ती खांड बुजवली, पण तोवर खारं पाणी शेतांवरून गावाच्या तळ्यात गेलं होतं. पिण्याचं पाणी तेवढंच होतं. तळ्यातले मासे दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर करून तरंगले.

ओट्यावर आधी दंड पैशांत निघाला होता. गावचे म्होरके म्हणाले, "दीडशे रुपये."

बाबा म्हणाले, "मिठागराची मजुरी बेचाळीस मिळाली. तेवढीच हाय."

तेव्हा ती एकटी बाई बोलली. तिचं घर गावात सगळ्यात शेवटी, खाडीच्या अंगाला होतं. आम्ही तिला काकी म्हणायचो. पन्नाशीची, हाडाची काटक, जीभ कोयत्यासारखी. "पैसं घेऊन काय करू? भिजत घालून पिऊ? तळं ह्याच्या वाट्यानं खारं झालं. ह्यानं पानी द्यावं."

मागून कोणीतरी म्हणालं, "काकी, तू एकटी. दोन हंडे तुला कशाला? रोज नाहतेस काय?"

"तू न्हात न्हाईस म्हून मी पन न्हाऊ नको व्हय?" लोक हसले. "घर म्हंजे घर. बांधावर माझा वाटा मोजताना एकटी म्हून कमी केलाव का कवा? मंग पानी पन मोजून दोनच. एक हंडा कमी न्हाय."

बाबा उठून म्हणाले, "चूक माझी. देईन."

घरी आल्यावर आईने भावाला माझ्याकडून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बिळं मी लिंपली. तोंडावरच. पोर कडेवर, एका हातानं कवरं खनू?"

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले.

"मग बोललाव का न्हाय?"

"वाटा माझ्या नावावर हाय."



मिठागराच्या मालकाकडून बाबांनी तीन लोखंडी पिंपं मागून आणली आणि शेजारच्या गावातून एक जुनी होडी. गोडं पाणी नदीत वर, दोन कोसांवर मिळायचं, तेही सगळा वेळ नाही. भरती असेपर्यंत तिथेही पाणी खारट असायचं. ओहोटी लागून पाच तास झाले, खालचं खारं पाणी पुरतं उतरलं, की वरून आलेलं नदीचं पाणी हाती लागायचं. ते असायचं पाऊण तास. मग पुन्हा भरती चढायला लागायची. म्हणून भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीची वाट बघत तिथे थांबायचं, त्या पाऊण तासात तिन्ही पिंपं भरायची आणि ओहोटीच्या शेवटच्या ओढीवर खाली यायचं. खाडीतून गावाकडे वळणाऱ्या फाट्यात तेव्हा नुसता चिखल असे. होडी तरंगेल इतकी भरती चढेपर्यंत पुन्हा तोंडाशी थांबायचं. एका फेरीला दहा ते अकरा तास. दिवसात दुसरी फेरी शक्य नव्हती.

हा वेळ काढायचा हिशेब आमच्याकडे सगळ्यांना माहीत होता, पण डोक्यात करायला मला सोपा जायचा. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा खाडीच्या तोंडाशी भरती पुरी होण्याची वेळ. आमच्याकडे वर पाणी पोचायला एक तास मिळवायचा. त्यात सहा मिळवले की ओहोटीचा तळ, आणि त्यातून पाऊण तास वजा केला की गोडं पाणी सुरू. षष्ठीला सहा गुणिले पाऊण, साडेचार. एक मिळवला, साडेपाच. सहा मिळवले, साडेअकरा. पाऊण वजा, पावणेअकरा.

पहिल्या दिवशी बाबा एकटे गेले आणि अंदाजाने भरून आले. धक्क्यावर पंचवीस घरच्या बायका हंडे घेऊन उभ्या. कोणाचा हंडा केवढा यावरून आधी भांडण झालं. एका घरची सून पितळेचा असा हंडा घेऊन आली होती की काकी म्हणाली, "हा हंडा हाय का होडी? ह्यात बसून तूच जा की पानी आनायला." शेवटी देवळातला तांब्याचा हंडा माप म्हणून आणला. त्या मापाने एका पिंपात सतरा हंडे बसत. तीन पिंपांचे एक्कावन्न. पन्नास गावाचे आणि एक आमचा. पण हिंदकळून, सांडून एखादा हंडा रोज जायचाच. तो आमचा जायचा, कारण देण्याची सुरुवात देवळाजवळच्या घरापासून व्हायची, शेवटचं घर काकीचं, आणि तिच्यानंतर आम्ही.

त्या पहिल्या दिवशी काकीने हंड्यातून ओंजळ घेऊन चाखली आणि थुंकली. "ह्यात मीठ हाय."

बाबांनी चाखलं. "गोडं हाय की."

"तुझी जीभ मिठागरात ऱ्हायली. पोरीला चाखव."

मी चाखलं. मचूळ होतं. चार महिने मिठात राबून बाबांच्या जिभेला खारं कळेनासं झालं होतं, आणि त्यांना स्वतःला ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बाकीच्यांनी भात शिजवायला, भांडी धुवायला म्हणून ते पाणी नेलं. काकीने आपले दोन्ही हंडे धक्क्यावर ओतले आणि मला म्हणाली, "माझे दोन बाकी. लिव."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी होडीवर जायला लागले. उन्हाळ्याची सुट्टी होती. माझं काम दोन: वेळ काढणं आणि पाणी चाखणं. बाबा वल्हवायचे आणि पिंपं भरायचे. वाट बघण्याच्या पाच तासांत आम्ही किनाऱ्यावरच्या झाडाखाली बसायचो. तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट खायचो, बोलायचो फार थोडं. बाबांना बोलायची सवय नव्हती आणि मला त्यांच्याशी बोलायची.

आठ दिवस असे गेले. आमच्या घरात त्या आठ दिवसांत मिळून चार हंडे गोडं पाणी आलं. बाकी आम्ही धक्क्याजवळच्या खड्ड्यातलं पाणी प्यायचो. वाळूतून झिरपून आलेलं, मचूळ, जरा वास येणारं. मोठ्यांना ते सोसलं.

नवव्या दिवशी भावाला हगवण लागली. आईचं दूध आधीच कमी झालं होतं, म्हणून त्याला तांदळाची पेज देत होतो, ती त्याच खड्ड्यातल्या पाण्याची. दोन दिवसांनी वैद्य आले. त्यांनी त्याच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते लगेच खाली बसलं नाही. "ह्याला खाऱ्याचा एक थेंब नको," ते म्हणाले. "गोडं पाणी, उकळून, चमच्याचमच्याने, दिवसभर. पोटात टिकलं तर पोर टिकेल."

खरं तर आईने वैद्यांची वाट पाहिली नव्हती. नवव्या दिवशी होडी धक्क्याला लागली तशी ती हंडा घेऊन आली आणि सगळ्यांच्या आधी पुढे झाली.

"आधी गावाचं," बाबा म्हणाले.

"आधी माझं."

"पन्नास बोललोय मी."

"मी न्हाय बोलले."

बायका बाजूला झाल्या. आईने हंडा भरला आणि गेली. बाबांनी वाटप सुरू केलं. शेवटी काकीच्या पाळीला पिंपात एकच हंडा उरला. तिने पिंपात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. "एक बाकी. आधीचे दोन. तीन झाले."

"उद्या देऊ, काकी."

"उद्याचं उद्या. पोर कसं हाय?"

"हागतंय."

"हूं," म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली.

चार दिवस आईने रोज एक हंडा घेतला, चारही दिवस काकीला एक कमी पडला. मी बाबांना म्हटलं, आपण पायाशी दोन हंडे जास्तीचे घेऊ या. त्यांनी घेतले. भरलेल्या होडीची कड पाण्यावर चार बोटं असायची, ती दोन बोटांवर आली. मोठ्या वळणावर दुपारचा वारा सुटला होता. पहिल्याच लाटेचं पाणी आत आलं, दुसरीचं जास्त आलं. बाबांनी वल्हं सोडलं, ते दोन्ही हंडे नदीत ओतले आणि ओंजळींनी पाणी उपसायला लागले. मीही उपसत होते. कड वर आली. पिंपांत खारं पाणी गेलं नाही, एवढंच त्यातलं बरं. त्यानंतर जास्तीचं पाणी घ्यायचं नाव मी काढलं नाही.

घरी आई म्हणाली, "गावाला सांगा. दोन दिवस सोडतील."

"पंचवीस घरांत अजून अकरा पोरं हायत," बाबा म्हणाले.

"ती हागत न्हाईत."

"आपन पानी तोडलं तं ती पन खड्ड्यातलं पितील. मग हागतील."

आईने चमचा उचलला आणि भावाला पेज पाजायला लागली.  मी स्वतः मुलं वाढवली, घर चालवलं. तेव्हापासून हा हिशेब मी कितीतरी वेळा मांडून पाहिला आहे. पन्नासातून एक कमी करायचा, तर तो कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो.

तेराव्या दिवसापासून एक हंडा पुरेना. पेज, भावाचं धुणं, आईचं पिणं. वैद्य म्हणाले होते आईनेही खारं पिऊ नये, दूध येईल तर तेवढंच. आई दोन हंडे घ्यायला लागली. काकीच्या पाळीला पिंप कोरडं. ती रोज यायची, सगळ्यांत मागे उभी राहायची आणि रिकामे हंडे घेऊन परत जायची. जाताना आकडा सांगायची. "आठ." "दहा." माझ्या वहीतला आणि तिचा आकडा कधी चुकला नाही. आणि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिने हे ओट्यावर नेलं नाही. देवळापाशी जाऊन एक शब्द बोलली असती, तर म्होरक्यांनी आईला हंडा घेऊ दिला नसता. ती काय पीत होती, हे तिच्या दारावरून जाताना मला दिसायचं: आमच्याच खड्ड्यातलं.

मी एकदा विचारलं, "काकी, तू सांगत का न्हाईस कोनाला?"

"माझं येनं तुमच्या घराकडं हाय. गावाचं काय त्यात?"

सतराव्या दिवशी ती म्हणाली, "सोळा."

अठरावा दिवस, वैशाख वद्य अष्टमी. भावाने आदल्या संध्याकाळपासून चमच्याने दिलेलं पोटात ठेवलं होतं. डोळे खोल गेले होते, पण उलटी नव्हती. आई म्हणाली, "आज जरा बरा हाय. जा तुम्ही." आम्ही पहाटे निघालो. अष्टमीला भांग असतो. भरती थोडी आणि ओहोटीही अर्धवट, पाणी धड उतरत नाही. हिशेबाने गोडं पाणी सव्वाबाराला सुरू व्हायला हवं होतं. सव्वाबाराला मी चाखलं, मचूळ. पुन्हा चाखलं, मचूळ. होडी आणखी वर नेली. अशा वेळी घाई होते, कारण मनात घर असतं. बाबा म्हणाले, "भरू या?" मी म्हटलं, "नको." शेवटी पाणी गोडं लागलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझ्या अंदाजाने एक वाजून गेला होता. तिन्ही पिंपं भरून झाली तेव्हा दीड असेल.

गावच्या फाट्यात शिरलो तेव्हा धक्क्यावर बायका उभ्या दिसल्या, नेहमीसारख्याच. पण हंडे कोणाच्या डोक्यावर वा कमरेवर नव्हते. सगळ्यांचे हंडे खाली ठेवलेले होते आणि त्या हंड्यांपासून दोन पावलं मागे उभ्या होत्या. बाबांनी ते पाहिलं आणि वल्हं पाण्यातून वर घेतलं. होडी आपोआप धक्क्याला येऊन लागली.  सुतक लागलेल्या घरच्या हातचं पाणी आमच्याकडे कोणी घेत नाही.

म्होरके पुढे आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही पंचवीस घरांची तहान समोर दिसत होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोर गेलं तवा दुकानातल्या घड्याळात एक वाजायला वीस मिनिटं होती. मास्तरांनी बघितलं. पानी भरलंव कवा? आधी भरलं असंल तं ते चालंल. मागून भरलं असंल तं ओतायला लागंल."

 सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वेळ काढणारी मी होते.

मी म्हटलं, "अष्टमी. आठाला पाऊण, सहा. एक मिळवला, सात. सहा मिळवले, एक. पाऊण वजा, सव्वाबारा."

दोघातिघांनी बोटांवर मोजलं. हिशेब बरोबर होता. "सव्वाबारा," एक म्हातारा म्हणाला, "भरायला वीस मिनिटं धर. पोर जायच्या आधी झालं."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या दिवशी भांग होता, पाणी उशिरा उतरलं, हे त्यांना माहीत होतं. ते धक्क्यावरच्या प्रत्येकाला सुचायला हवं होतं. सुचलं असेलही. मी आयुष्यात जाणूनबुजून चुकीचा दिलेला आकडा हा एकच. एक्कावन्न हंडे नदीत ओतलेले मला बघवले नसते. आणि तो दिवस मोजण्यातून गेला असता, आणखी पन्नास हंडे बाकी चढले असते, हेही माझ्या मनात आलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात, भाऊ गेल्याचं कळल्यावर पाच मिनिटांत, हे आलं. खोटं कशाला लिहू?

ठरलं की पाणी चालेल, पण आमच्या हाताने नको. बाबा होडीतून उतरले आणि बांधाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मीही. बायका एकेक करून होडीत उतरल्या आणि आपलं आपण पाणी घेतलं. माप ठेवायला कोणी नव्हतं, तरी प्रत्येकीने दोनच हंडे घेतले. मोठ्या हंड्याची सूनही देवळाच्या हंड्याने मोजून घेत होती. काकी शेवटी गेली. आज तिचे दोन तिला पुरे मिळाले. तिने पिंपात पाहिलं, देवळाचा हंडा उरलेल्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरला आणि धक्क्यावर, आमच्यापासून हातभर अंतरावर ठेवला.

"हा तुमचा," म्हणाली. "न्या. त्याला आंघोळ घालायची असंल."

आई दारात बसली होती. तिने हंडा पाहिला आणि विचारलं, "गोडं हाय?"

मी म्हटलं, "हाय."

त्या पाण्याने त्याला आंघोळ घातली. सगळा हंडा लागला नाही. तो फार लहान झाला होता.

पोर लहान म्हणून सुतक तीन दिवसांचं. ते तीन दिवस गावातले चार पुरुष होडी घेऊन गेले. पहिल्या दिवशी ते लवकर भरून आले आणि अख्ख्या गावाला मचूळ पाणी मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक पहाटे आमच्या दाराबाहेर येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नव्हता. बाहेरूनच त्याने विचारलं, "बाय गो, दशमी हाय. आज पानी कवा गोडं?"

मी आतून सांगितलं, "पावणेदोन." आणि म्हटलं, "पन भांग सरला न्हाय अजून. वरच्या वळनाला जा आन् चाखून भरा."

तो धक्क्याकडे गेला. भांगाची गोष्ट मी दोन दिवसांपूर्वी का सांगितली नव्हती, हे त्याने विचारलं नाही.

बाविसाव्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. आई आता हंडा घेऊन पुढे येत नव्हती, ती धक्क्यावर येतच नव्हती. पन्नास पुरत होते. आमचा एक्कावन्नावा कधी उरायचा, कधी सांडायचा, आणि उरला तरी आम्ही तिघं खड्ड्यातलंच पाणी प्यायचो. तसं कोणी ठरवलं नव्हतं. बाबा त्या दिवसांत वल्हवताना मध्येच थांबायचे, होडी मागे जायला लागायची आणि मी "बाबा" म्हटलं की पुन्हा वल्हं मारायचे.

चौतिसाव्या दिवशी पाऊस लागला आणि पागोळ्यांखाली सगळ्यांनी भांडी लावली. म्होरक्यांनी निरोप पाठवला, दंड फिटला. मी वही काढून हिशेब केला. चौतीस दिवस, त्यांतले सुतकाचे तीन वजा, एकतीस फेऱ्या. एकतीस गुणिले पन्नास, एक हजार पाचशे पन्नास. दिलेले, एक हजार पाचशे चौतीस. सोळा कमी, सगळे एका घरचे. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाऊस लागेपर्यंत ठरलं होतं. पाऊस लागला."

आई चुलीपाशी होती. "चौदा मी घेतले, दोन पयल्या दिवसाचे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दोन हंडे नेऊ लागली. आमच्या पागोळीखाली लावलेल्या पिंपातून भरायचे आणि भर पावसात चिखलातून गावाच्या शेवटापर्यंत जायचं. काकीच्या दारातही पागोळी धो धो वाहत होती, तिचीही भांडी भरलेली होती. पहिल्या दिवशी मी सोबत होते. काकी दारात आली.

"ये येडे, पान्यातून पानी आनतेस?"

"सोळा बाकी हायत."

काकीने तिच्याकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं नाही, आणि यासाठी मी त्या बाईला आजही मानते. घरात नेऊन तिने दोन्ही हंडे आपल्या मडक्यांत रिकामे केले. आधीचं पाणी बाहेर ओतून त्यांत आईचं भरलं. "चौदा ऱ्हायले," म्हणाली.

सात दिवस असंच. बारा, दहा, आठ.  आठव्या दिवशी आईने पहिला हंडा उतरवला, दुसरा आणायला निघाली तेव्हा काकी म्हणाली, "आता एक ऱ्हायला तो ऱ्हाऊ दे. तुझ्या घरात ठेव."

"माझ्या घरात प्यायला कोन हाय?" आई म्हणाली.

ती गेली आणि हंडा भरून आली. काकी अंगणात, पावसात उभी होती. तिने तो हंडा आईच्या डोक्यावरून स्वतः उतरवून घेतला, कारण आईचे हात वर जात नव्हते. बाकी राहिलेल्या सोळांतला सोळावा हंडा, एक हजार पाचशे पन्नासावा, त्या बाईला पोचला.